चूकभूल द्यावी-घ्यावी : तांत्रिक सेवेतील चूक आणि लबाडी

जुन्या पेढ्यांवर हिशेबाचा कागद पुरा झाला की त्याच्या तळाशी चार अक्षरे लिहिण्याची रीत होती : चू. भू. द्या. घ्या. म्हणजेच चूकभूल द्यावी-घ्यावी. हिशेब लिहिणारा माणूस आहे, त्याच्या हातून आकडा चुकू शकतो, आणि चूक उघड झाली तर दोन्ही बाजूंनी ती दुरुस्त करून घ्यावी, असा त्याचा साधा अर्थ. ही अक्षरे लिहिणाऱ्या व्यापाऱ्यास कोणी अप्रामाणिक म्हटले नाही. उलट ती लिहिणाऱ्यावरच गिऱ्हाइकाचा विश्वास बसे. मात्र याच पेढीवर एखाद्या मुनिमाने जाणूनबुजून खोटी रक्कम मांडली, तर या चार अक्षरांचा आधार त्याला मिळत नसे.

या अहवालाच्या इतर पानांवर तपासलेल्या रुग्णांची, झालेल्या शस्त्रक्रियांची आणि मिळालेल्या देणग्यांची आकडेवारी आहे. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका विषयाकडे विश्वस्त, देणगीदार व रुग्णांच्या आप्तेष्टांचे लक्ष वेधू इच्छितो, ज्यावर या सर्व आकड्यांचा खरेपणा अवलंबून आहे. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माते, शस्त्रक्रियागृहातील साहाय्यक यांच्या हातून चूक झाली असता संस्थेने काय करावे? आणि त्यांच्यापैकी कोणी खोटेपणा केला असता काय करावे? या दोन प्रश्नांची उत्तरे एकच नाहीत, हे आम्हांस अनुभवाने आणि काहीसे उशिरा कळले.

तंत्रज्ञाचे काम कोणास दिसत नाही

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दूरच्या पाड्यावरून आलेला माडिया किंवा गोंड रुग्ण एकदा आमच्या दारात आला, की ‘दुसरीकडे पुन्हा तपासून घ्या’ असे त्यास सांगणे बहुधा शक्य नसते. आमचा कागद हाच त्याचा एकमेव कागद असतो.

डॉक्टर रुग्णासमोर बसून त्यास तपासतात. परिचारिका त्याच्या खाटेपाशी असते. तंत्रज्ञ मात्र आतल्या खोलीत, सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून एकटा असतो. हिवतापासाठी घेतलेल्या रक्तनमुन्याच्या काचपट्टीवर जंतू नाहीत असे लिहिण्यापूर्वी जाड थेंबाची किमान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहावयाची असतात. ती शंभर पाहिली की वीस, हे पाहणाऱ्याखेरीज कोणासही कळत नाही. आपल्या भागात फॅल्सिपेरम जातीचा हिवताप आढळतो, आणि तो वेळीच ओळखला गेला नाही तर मेंदूपर्यंत पोहोचून एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. म्हणजे न पाहिलेल्या उरलेल्या ऐंशी दृष्टिक्षेत्रांत एखाद्या मुलाचे आयुष्य असू शकते.

सिकलसेलचेही तसेच. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली, तर रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच समजते. ती व्यक्ती केवळ वाहक आहे की तिला प्रत्यक्ष आजार आहे, हे त्या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम पुढील तपासणी लागते. ती न करताच कार्डावर ‘वाहक’ असे लिहिले, तर लिहिणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. ज्याच्या कार्डावर ते लिहिले गेले, त्याचे उपचार, त्याचा विवाह आणि त्याची पुढची पिढी यांचा हिशेब मात्र चुकतो.

तीन प्रसंग

गेल्या काही वर्षांत आमच्या रुग्णालयात घडलेले तीन प्रसंग आम्ही येथे नमूद करीत आहोत. संबंधितांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. यांत आमचा स्वतःचा दोषही आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही.

पहिला प्रसंग. एका रात्री एकाच वॉर्डात, एकाच आडनावाच्या दोन स्त्रियांना रक्त देण्याची वेळ आली. आपल्या भागात एका गावात एकाच आडनावाची अनेक घरे असतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. तंत्रज्ञाने दोघींचे नमुने घेतले, आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना त्यांची अदलाबदल झाली. काम संपवून तो आपल्या खोलीवर गेला. हातपाय धुताना त्यास आठवले, की त्यांपैकी एका स्त्रीच्या गरोदरपणातील कार्डावर वेगळा रक्तगट पाहिल्यासारखे वाटते. तो भर पावसात धावत वॉर्डात आला. रक्ताची पिशवी टांगलेली होती, पण रक्त सुरू झालेले नव्हते. परिचारिकेने ते थांबविले. नमुने नव्याने घेतले गेले आणि दोन्ही स्त्रिया सुखरूप घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काय केले? त्या तंत्रज्ञाचे तीन दिवसांचे वेतन कापले आणि त्यास लेखी ताकीद दिली. चूक गंभीर होती, आणि शिस्त राखणे हे आमचे कर्तव्य आहे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटले. त्यानंतरच्या काही महिन्यांत प्रयोगशाळेतून एकाही चुकीची खबर आली नाही. विश्वस्तांच्या बैठकीत आम्ही ही बाब समाधानाने सांगितली.

दुसरा प्रसंग. ज्या शीतकपाटात ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, रेबीजची लस इत्यादी ठेवले जाते, त्याचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते व त्याची नोंद दिवसातून दोनदा घ्यावयाची असते. एका वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या वादळात झाडे पडून वीज तारा तुटल्या आणि दोन रात्री वीज नव्हती. डिझेल बेताचेच असल्याने रात्री अकरानंतर जनित्र बंद ठेवावे लागले. महिनाअखेरीस डिझेलचा हिशेब तपासताना सहज म्हणून तापमानाची नोंदवही समोर घेतली. त्या दोन्ही पहाटेच्या रकान्यांत ‘४ अंश’ लिहिलेले होते. मागची पाने उलटली. तीन महिने, सकाळ-संध्याकाळ, ४ अंश. शाई एक, अक्षराचे वळण एक. ज्या दिवशी नोंद घेणारा कर्मचारी रजेवर होता, त्या दिवशीही त्याच्याच अक्षरात ४ अंश.

त्यास बोलावून विचारले. त्याने नाकारले नाही. तो म्हणाला, “साहेब, दोन वर्षांमागे मी अकरा लिहिले होते. तेव्हा माझा पगार कापला गेला. तेव्हापासून मी चार लिहितो.”

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. जुनी कागदपत्रे काढून पाहिली, आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. शीतकपाटाचा दरवाजा नीट लागत नव्हता, हे त्याने त्या वेळी कळविले होते. दरवाजा दुरुस्त करण्याऐवजी ‘हयगय’ म्हणून आम्ही त्याचे वेतन कापले होते. अकरा अंशांची खरी नोंद आम्ही शिक्षेस पात्र ठरविली आणि चार अंशांची खोटी नोंद दोन वर्षे समाधानाने स्वीकारली. पहिल्या प्रसंगानंतर प्रयोगशाळेतून येणाऱ्या खबरा का थांबल्या, हेही त्या दिवशी उमगले. चुका थांबल्या नव्हत्या, त्या आमच्यापर्यंत येणे थांबले होते.

शीतकपाटातील सर्व औषधे त्याच दिवशी नष्ट केली. त्या काळात ज्यांना रेबीजची लस दिली होती, त्यांच्या घरी निरोप पाठवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, आवश्यक तेथे लस पुन्हा विनामूल्य दिली. काही घरी आमची माणसे स्वतः गेली. एका गृहस्थाने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तुम्ही आला नसतात तर आम्हांला कळले असते का?” कळले नसते, असे आम्ही त्यांस सांगितले.

तिसरा प्रसंग यानंतरचा. तोपर्यंत वेतनकपातीचा नियम आम्ही रद्द केला होता. चूक स्वतःहून सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही, आणि आजवर कोणी खोटी नोंद केली असल्यास पंधरा दिवसांत ती सांगावी, त्याबद्दलही कारवाई होणार नाही, असे सर्वांसमक्ष जाहीर केले होते. अनेकांनी येऊन सांगितले. एकाने सांगितले नाही. हिवतापाच्या काचपट्ट्या पाहणारा हा अनुभवी तंत्रज्ञ काही दिवशी इतक्या काचपट्ट्या तपासल्याचे लिहीत असे, की साधा गुणाकार केला तरी ते अशक्य ठरावे. एका काचपट्टीस पाच-सहा मिनिटे धरली, तर आठ तासांत ऐंशी ते शहाण्णव होतात, आणि तेही क्षणाचीही उसंत न घेता. त्याच्या वहीत त्याहून दुप्पट होत्या.

ज्याच्या काचपट्टीवर ‘जंतू नाहीत’ असे लिहिले होते, असा एक मुलगा तिसऱ्या दिवशी झटके येऊन बेशुद्धावस्थेत परत आला. त्याच्या रक्तात फॅल्सिपेरमचे जंतू भरपूर होते. जुनी काचपट्टी काढून दुसऱ्या तंत्रज्ञाने पाहिली, तेव्हा तीतही ते होते. मुलगा वाचला, परंतु त्याचे श्रेय आमच्या पहिल्या कागदास नाही. विचारणा केली असता त्या तंत्रज्ञाने आधी सूक्ष्मदर्शक बिघडल्याचे सांगितले, मग रंगद्रव्य निकृष्ट असल्याचे, आणि शेवटी ती काचपट्टी नव्याने लागलेल्या मुलीने पाहिल्याचे. त्या मुलीस त्याने केवळ सही करावयास लावले होते, हे चौकशीत स्पष्ट झाले.

या तिघांस आम्ही एकाच तराजूत तोलले नाही. पहिल्या तंत्रज्ञाचे कापलेले वेतन परत केले व लेखी ताकीद मागे घेतली. दुसऱ्यास नोकरीत ठेवले, पण नोंदींचे काम त्याच्याकडून काढून घेतले. त्याने केले ते गैर होते, आणि त्या गैरकृत्यात आमचाही वाटा होता. तिसऱ्याची सेवा समाप्त केली. त्याच्या हातचे कसब इतर दोघांपेक्षा अधिक होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कसबी माणूस गमावणे आमच्यासारख्या आडवळणाच्या रुग्णालयास परवडत नाही. खोटे लिहिणारा कसबी माणूस ठेवणे त्याहून महाग पडते.

शेजारचा आणि जगाचा अनुभव

खरी नोंद किती मोलाची असते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने अन्य स्वयंसेवी संस्थांसह २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात प्रत्यक्षात घडणारे बालमृत्यू सरकारी दप्तरातील बालमृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्या अहवालाने दाखविले. पुढे शासनानेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमली. दप्तरात मृत्यू न उतरण्याची कारणे अनेक असतील. परंतु जेथे मृत्यू कळविणाऱ्यालाच जाब विचारला जाईल अशी भीती असते, तेथे मृत्यूंची संख्या कागदावर आपोआप उतरते, हे आमच्या शीतकपाटाच्या वहीवरून आम्ही खात्रीने सांगू शकतो. आणि जे मृत्यू कागदावर नसतात, त्यांवर इलाजही होत नाही. याच संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना शिकवून प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू टिपला आणि नवजात बालकांवर घरोघरी उपचार केले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोजणी खरी होती, म्हणून घट दिसू शकली.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल हे औषध दिल्यानंतर १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रव्य होते. दोन्ही द्रव्ये रंगहीन, दाट व गोडसर असल्याने नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळतो. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने केवळ पुरवठादारास दोषी धरून विषय मिटविला नाही. रुग्णालयातील औषध खरेदीची पद्धत आणि अन्न व औषध प्रशासनाचा कारभार यांवरही आयोगाने अत्यंत कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच द्रव्याने लहान मुलांचे बळी घेतले. त्यांतील अनेक बालकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले गेले होते. अशा दुर्घटनेत एकच दुष्ट माणूस क्वचित असतो. न केलेल्या तपासणीखालची सही, न पाहता दिलेला दाखला आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणून पुढे सरकविलेला कागद अशी अनेक माणसांची साखळी असते.

विमान वाहतुकीच्या क्षेत्राने यावर विचारपूर्वक एक उपाय शोधला. अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ या संस्थेमार्फत वैमानिक, हवाई नियंत्रक आदींकडून त्यांच्या चुकांच्या खबरा गोपनीयरीत्या घेतल्या जातात. चूक घडल्यापासून दहा दिवसांत जो स्वतः कळवितो, त्यास नियमभंगाच्या दंडापासून संरक्षण मिळते. मात्र हे संरक्षण अनवधानाने झालेल्या चुकीस आहे. हेतुपुरस्सर केलेल्या कृत्यास किंवा गुन्ह्यास ते नाही. पेढीवरच्या चार अक्षरांचाच हा विस्तार आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेच्या एका गाजलेल्या अहवालाने, तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला. या चुकांचे मूळ बहुतांशी माणसाच्या नालायकीत नसून कामाच्या सदोष रचनेत असते, हेही त्यात सांगितले. आपल्या देशातही रक्तसंक्रमणातील अनिष्ट घटना कळविण्यासाठी डिसेंबर २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. दोषी शोधण्यापेक्षा धडा घेणे हा त्याचा उद्देश आहे.

आम्ही घालून घेतलेली रीत

या अनुभवांतून आम्ही काही नियम स्वतःस घालून घेतले. ते फार मोठे नाहीत. एखाद्या लहान संस्थेस ते उपयोगी पडावेत, म्हणून येथे देत आहोत.

कोणतीही चूक समोर आली की कर्मचाऱ्यास बोलावण्यापूर्वी आम्ही चार प्रश्न विचारतो.

१. ही गोष्ट आम्हांस कोणाकडून कळली? त्याने स्वतः सांगितली की ती उघडकीस आली? आणि स्वतः सांगितली असल्यास किती वेळाने?

२. आपण करीत आहोत ते चुकीचे आहे, हे करताना त्यास ठाऊक होते काय?

३. तितक्याच शिक्षणाचा व अनुभवाचा दुसरा माणूस, त्याच रात्री, तितक्याच कामाच्या बोज्याखाली त्याच जागी असता, तर त्याच्या हातून हे घडले नसते काय?

४. या नोंदीमुळे कोणाचा फायदा झाला? वेळ वाचला, पैसा मिळाला, की दोष दुसऱ्यावर गेला?

पहिल्या प्रसंगातील तंत्रज्ञास हे प्रश्न लावून पाहावेत. त्याने स्वतः, तासाभरात सांगितले. चूक त्यास ठाऊक नव्हती. रात्री एकट्याने दोन सारख्या आडनावांचे नमुने घेताना ती कोणाकडूनही होऊ शकली असती. फायदा कोणाचाच नव्हता. अशा वेळी माणसास शिक्षा करून काही साधत नाही. रचना बदलावी लागते. म्हणून आता नळीवर आडनावाबरोबर स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव व नोंदणी क्रमांक लिहिला जातो. चिठ्ठी प्रयोगशाळेत नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशीच चिकटविली जाते, आणि रक्त सुरू करण्यापूर्वी दोघेजण ती मोठ्याने वाचतात.

चूक व लबाडी यांच्या मध्ये हयगयीचा एक पट्टा आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. घाई आहे म्हणून निर्जंतुकीकरणाचे यंत्र ठरलेल्या वेळेआधी बंद करणाऱ्यास कोणाचे वाईट करावयाचे नसते. पण तो जोखीम पत्करतो, आणि ती दुसऱ्याच्या जिवाची असते. अशा कर्मचाऱ्यास पहिल्यांदा समज व पुन्हा प्रशिक्षण, आणि समज देऊनही तेच घडल्यास कारवाई, अशी आमची रीत आहे.

नोंदवहीबाबतचा नियम हिशेबाच्या वहीवरूनच घेतला आहे. चुकलेली नोंद खोडरबराने वा पांढऱ्या रंगाने पुसावयाची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारावयाची, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. शेजारी योग्य आकडा, तारीख व सही. संगणकावरही जुनी नोंद जपून नवी केली जाते. आमच्या नोंदवह्यांत आता अशा रेघा दिसतात. पूर्वी त्या दिसत नसत, आणि वह्या सुंदर दिसत. लेखापरीक्षणाचा थोडाफार अनुभव असलेल्या कोणासही ठाऊक असते, की अतिसुंदर वही संशयास पात्र असते.

तपासणी चालूच आहे. सर्व सकारात्मक व काही नकारात्मक काचपट्ट्या, पहिला निष्कर्ष न सांगता, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून पुन्हा पाहिल्या जातात. डिझेलची वही तापमानाच्या वहीशी पडताळली जाते. सुरुवातीस काहींना यात अविश्वास वाटला. त्यांस आम्ही सांगितले, की रोखपालाची रोकड दररोज मोजली जाते ती तो चोर आहे म्हणून नव्हे. मोजल्यामुळेच त्यास संध्याकाळी ताठ मानेने घरी जाता येते.

शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. चुकीमुळे ज्या रुग्णावर परिणाम झाला वा होऊ शकला असता, त्यास व त्याच्या घरच्यांस ती सांगावयाची. त्यांच्या भाषेत सांगावयाची. गोंडी वा माडिया बोलणारा आमचा कर्मचारी सोबत असतो. शब्दांचा फुलोरा नको. काय झाले, आता काय करणार आहोत, आणि खर्च कोण सोसणार, एवढेच. यामुळे लोक आमच्यावर चिडतील ही भीती होती. काही चिडलेही. त्यांना तसा अधिकार आहे.

आपणांस एक विनंती

हे नियम लागू झाल्यापासून आमच्या चूकवहीत नोंदविल्या जाणाऱ्या चुका वाढल्या आहेत. विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांनी बैठकीत साहजिकच विचारले, की रुग्णालय सुधारले म्हणता, मग चुका वाढल्या कशा? त्यांना आम्ही दोन्ही वह्या दाखविल्या, तीन महिने ४ अंश असलेली जुनी आणि ३, ६, ९, ५ असे खरे आकडे असलेली नवी. नऊच्या पुढे लाल शाईत लिहिले होते : दरवाजाचे रबर बदलले, औषधे दुसऱ्या कपाटात हलविली. त्यांनी दोन्ही पाने काही वेळ पाहिली, आणि नवे शीतकपाट घेण्याचा ठराव स्वतः मांडला.

देणगीदारांनीही आम्हांस असाच प्रश्न विचारावा. आपल्या देणगीतून घेतलेले सूक्ष्मदर्शक चालू आहे की नाही, एवढेच नव्हे, तर त्यातून पाहणारा खरे लिहितो की नाही, हे विचारावे. मात्र ‘एकही चूक नाही’ अशा उत्तराची अपेक्षा धरू नये. ज्या रुग्णालयात एकही चूक नोंदलेली नाही, तेथे चुका होत नाहीत असे नसून तेथे सांगण्याची सोय नाही, असे समजावे. रुग्णांच्या नातेवाइकांनाही विनंती, की तपासणीच्या कागदावरील नाव, गाव व वय आपल्या माणसाचेच आहे ना, हे विचारण्यास संकोच करू नये. असे विचारणे हा आमचा अपमान नव्हे, ती आम्हांस मदत आहे.

पावसात धावत आलेला तो तंत्रज्ञ आजही आमच्याकडे आहे. नव्याने लागणाऱ्या मुलामुलींना नमुना घेण्याची रीत तोच शिकवितो, आणि शिकविताना त्या रात्रीची हकिकत स्वतःच सांगतो. ज्या मुलीस न पाहिलेल्या काचपट्टीवर सही करावयास लावले होते, तीही त्याच्याच हाताखाली शिकली. आता ती स्वतः पाहिल्याशिवाय सही करीत नाही, आणि कोणी घाई केली तर त्यास थांबावयास सांगते.

हा लेख लिहिताना आमच्याकडून एखादा तपशील निसटला असल्यास वाचकांनी तो अवश्य कळवावा, आम्ही तो दुरुस्त करू. चूकभूल द्यावी-घ्यावी.